मृत्युकर गेला, विश्वस्त कोठे आहेत?

मुलांच्या शिक्षणाचा, मुलीच्या विवाहाचा आणि घराच्या बांधकामाचा हिशेब दहा वर्षे आधी मांडणारा आपला मध्यमवर्गीय गृहस्थ मृत्युपत्राचा विषय निघाला की एकाएकी दैववादी बनतो. ‘अभद्र कशाला बोलावे?’ एवढे म्हणून तो विषय बदलतो. जे थोडे लोक धीर करून मृत्युपत्र लिहावयास बसतात त्यांचीही लेखणी एका ठिकाणी हमखास अडखळते. घरातील एखादे मूल जन्मतःच बुद्धीने अधू असते, एखादी मुलगी सदैव अंथरुणाला खिळलेली असते, एखादा मुलगा हातात पैसा आला की तो टिकू न देणारा असतो. अशा जीवाच्या नावे इस्टेट करावी तर ती दुसरेच कोणी गिळंकृत करणार, न करावी तर त्याने खावे काय? या पेचातून सुटका म्हणून बाप सारी मालमत्ता थोरल्या मुलाच्या नावे लिहितो आणि खाली एक वाक्य जोडून मोकळा होतो: ‘थोरल्याने धाकट्या बहिणीचा आमरण सांभाळ करावा.’ बुलढाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर येथील न्यायालयांत वारसाहक्काचे दावे चालविणाऱ्या वकिलांना हे वाक्य तोंडपाठ असेल.

या वाक्यात माया आहे; पण कायदेशीर हमी म्हणावी तेवढी त्यात नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या सहाव्या कलमाने न्यास केव्हा निर्माण होतो हे सांगितले आहे. न्यास करण्याचा हेतू, न्यासाचे प्रयोजन, लाभार्थी आणि मालमत्ता या चारही गोष्टी वाजवी निश्चितीने सांगितल्या पाहिजेत. कलमाखालील दाखले तर आपल्या घरोघरच्या मृत्युपत्रांना उद्देशूनच लिहिल्यासारखे वाटतात. अमक्याच्या हितासाठीच तू या मालमत्तेची विल्हेवाट लावशील असा पूर्ण विश्वास व्यक्त करून ती दिली, तर न्यास होतो. ती घराण्यातच राहील अशी नुसती आशा व्यक्त केली, तर होत नाही. कुटुंबातील जे तुला अधिक पात्र वाटतील त्यांना वाटून दे अशी विनंती केली, तरीही होत नाही; कारण लाभार्थी कोण हेच तेथे निश्चित नसते. आता आपले वाक्य या कसोटीला लावून पाहा. बहिणीचे नाव आहे. पण कोणत्या मालमत्तेतून, किती खर्चाने, कोणी आणि कोणाला जाब देऊन सांभाळ करावयाचा, याचा त्यात मागमूस नाही. थोरला सज्जन असेल तर ते वाक्य अनावश्यक ठरते; तो तसा नसेल तर ते अपुरे पडते. शिवाय थोरलाही मर्त्य आहे. त्याच्या पश्चात त्याची मुले त्या आत्याला कितपत ओळखतील?

यावर कायद्यात उपाय आहे. ज्याला आपण ट्रस्ट म्हणतो तो न्यास मृत्युपत्राद्वारेही निर्माण करता येतो. त्यातीलच एक प्रकार म्हणजे विवेकाधीन न्यास. यात मृत्युपत्र करणारा मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन करतो आणि लाभार्थी कोण ते निःसंदिग्धपणे सांगतो: पत्नी, अपंग कन्या, अज्ञान नातू. मात्र प्रत्येकाला किती व केव्हा द्यावयाचे हे तो आधी गोठवून ठेवीत नाही. ते विश्वस्तांच्या विवेकावर सोपवितो. एखाद्या वर्षी मुलीची शस्त्रक्रिया निघाली तर सारे उत्पन्न तिकडे जाईल. पुढल्या वर्षी नातवाची फी भरली जाईल. उधळ्या मुलाच्या सावकाराला या मालमत्तेवर थेट हात टाकता येत नाही. कारण विश्वस्तांनी दिल्याशिवाय त्या मुलाचे त्यात अमुक एक म्हणावे असे काही नसतेच. ही लवचिकता त्या एका वाक्यातही नाही आणि मालमत्तेच्या कोरड्या समान वाटणीतही नाही.

मग इतकी उपयुक्त सोय आपल्याकडे रूढ का झाली नाही? या संस्थेला लागलेला करचुकवेगिरीचा डाग हे त्याचे एक कारण आहे, आणि तो डाग सर्वस्वी निराधार नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संसदेने इस्टेट ड्यूटीचा कायदा केला आणि १५ ऑक्टोबर १९५३ पासून तो अंमलात आला. मृताच्या पश्चात जी संपत्ती वारसांकडे जाते तिच्यावरील हा कर. लोकांनी त्याला मृत्युकर असे समर्पक नाव दिले. त्याचे दर पुढे चढत गेले आणि वीस लाखांच्या वरील भागावर ते ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. एवढा कर डोक्यावर असताना विवेकाधीन न्यास धनिकांना वरदान वाटला तर नवल नाही. लाभार्थ्याची ठाम मालकीच नसल्यामुळे त्याच्या मृत्यूने काही ‘संक्रमित’ होते असे म्हणता येणे कठीण. आणि एकाच कुटुंबाने पाच-दहा न्यास काढले की उत्पन्नाचेही तितकेच तुकडे होऊन प्रत्येक तुकडा आयकराच्या खालच्या पायरीवर बसे. सरकार स्वस्थ बसले नाही. १९७० पासून अशा न्यासांच्या उत्पन्नावर चढ्या दराने कर लावण्याची तरतूद झाली आणि पुढे तो दर आयकराचा कमाल दर ठरला. तेव्हापासून विवेकाधीन न्यास म्हणजे श्रीमंतांची पळवाट हे समीकरण सुशिक्षितांच्या मनात पक्के बसले.

परंतु ज्या करासाठी ही पळवाट शोधली जात होती तो कर जाऊन चार दशके उलटली. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी स्वच्छ सांगितले की इस्टेट ड्यूटीचे उत्पन्न अवघे वीस कोटींच्या घरात आहे आणि त्या मानाने तिच्या अंमलबजावणीचा खर्च फार. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना ती लागू राहिली नाही. दानकर १९९८ मध्ये गेला, संपत्तीकर २०१६ मध्ये. मृत्युपत्राने किंवा वारशाने मिळालेली मालमत्ता घेणाऱ्याच्या हाती उत्पन्न म्हणून करपात्र होत नाही. पुढे ती विकली तर भांडवली नफ्याचा कर लागतो. तेव्हाही मृताने ती घेतली त्या वेळची किंमत आणि त्याने ती बाळगली तो काळ हिशेबात धरला जातो. म्हणजे आज चिखलीचा शिक्षक किंवा खामगावचा व्यापारी मृत्युपत्रात न्यास लिहितो तेव्हा तो कोणताही मृत्युकर चुकवीत नसतो; चुकवावयास तो कर अस्तित्वातच नाही.

उलट आयकर कायद्याने त्याला एक सवलत देऊ केली आहे, आणि तिचीच माहिती लोकांना फार थोडी आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६४ अन्वये विवेकाधीन न्यासाच्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे कमाल दराने कर लागतो. पहिल्या रुपयापासून तीस टक्के, वर अधिभार आणि उपकर. पण जो न्यास मृत्युपत्राने निर्माण झाला आहे आणि मृत्युपत्र करणाराने असा एकच न्यास केला आहे, त्याला हा कमाल दर लागत नाही. त्याच्या उत्पन्नावर टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या सामान्य दरांनी कर आकारला जातो. फरक किती पडतो पाहा. समजा, घरभाडे आणि ठेवींचे व्याज मिळून न्यासाला वर्षाला चार लाख रुपये येतात. कमाल दराने अधिभार जमेस न धरताही १,२४,८०० रुपये कर द्यावा लागेल. मृत्युपत्राच्या एकमेव न्यासाला २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या दरांनुसार काहीच द्यावे लागत नाही. कारण चार लाखांपर्यंतचा पहिला टप्पा करमुक्त आहे. अपंग मुलीच्या औषधपाण्यासाठी वर्षाला सव्वा लाख रुपये ही काही लहान रक्कम नव्हे.

सवलतीच्या अटी मात्र कडक आहेत. ‘एकच न्यास’ या शब्दांचा अर्थ एकच. पत्नीसाठी एक आणि मुलीसाठी दुसरा असे दोन न्यास मृत्युपत्रात घातले की सवलत हातची गेली. न्यासाच्या उत्पन्नात धंद्याचा नफा असेल तर अट आणखी आवळते: तो न्यास मृताच्या आधारावर जगणाऱ्या नातलगांच्याच हितासाठी असला पाहिजे. म्हणून चालते दुकान किंवा जिनिंग कारखाना न्यासात टाकण्यापूर्वी जाणत्या करसल्लागाराचा सल्ला घ्यावा. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घ्यावी असे ठरलेले असल्याने, मृत्युपत्रात जुन्या कलमांचे क्रमांक कोरून ठेवू नयेत हेही शहाणपणाचे.

आपल्या जिल्ह्यापुरता विचार केला तर आणखी काही गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. येथली बहुतेक इस्टेट कापसा-सोयाबीनच्या शेतजमिनीच्या रूपात आहे आणि त्यातील पुष्कळशी वडिलोपार्जित. हिंदू एकत्र कुटुंबात मृत्युपत्र करणाराला आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीच्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. अधू मुलीचा वडिलोपार्जित हिस्सा बापाच्या लेखणीने थोरल्याकडे जात नाही, हे थोरल्यांनी लक्षात ठेवलेले बरे. दुसरे असे की, शेतजमीन बिगर-शेतकऱ्याच्या हाती जाऊ नये असा आपल्या कुळकायद्यांचा कटाक्ष आहे. गुजरातेत लागू असलेल्या मुंबई कुळकायद्याखाली बिगर-शेतकऱ्याला मृत्युपत्रानेही जमीन देता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा, निराळा आहे; तथापि पुण्या-मुंबईचा बिगर-शेतकरी स्नेही विश्वस्त नेमून सात-बारावर त्याचे नाव चढवू पाहणाराने हा धोका ओळखावा. आमचे मत असे की, घर, गाळे, ठेवी आणि रोखे यांचा न्यास करावा आणि जमिनीची वाटणी थेट करावी. त्यात गुंतागुंत कमी.

ठेवी आणि रोखे यांच्याविषयीही एक गैरसमज खोलवर रुजला आहे. बँकेत ज्याचे नाव वारस म्हणून लावले तो मालक, असे लोक समजतात. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारी असते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर्सच्या बाबतीत हेच तत्त्व उचलून धरले. विम्याचे तसे नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नामनिर्देशित असेल तर विम्याची रक्कम त्याचीच होते. तेव्हा विम्याचा पैसा न्यासात यावा अशी इच्छा असणाराने पॉलिसीवरील नाव आधी तपासावे.

एवढे सर्व जुळले तरी मुख्य प्रश्न उरतोच: विश्वस्त कोणाला नेमावयाचे? मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. ज्या प्रोबेटच्या सक्तीची धास्ती मुंबईकरांना वाटत आली, ती बुलढाण्यातील मालमत्तेच्या हिंदू मृत्युपत्रांना लागूच नव्हती. अडते ते माणसापाशी. सार्वजनिक न्यासाची या जिल्ह्याला चांगली ओळख आहे. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान विश्वस्तांच्या मार्फतच चालते आणि लक्षावधी लोक तेथे श्रद्धेबरोबर विश्वासही ठेवून येतात. सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. खाजगी न्यास मात्र त्या आयुक्तांच्या कक्षेत येत नाही. तेथे पाहणारे कोणी असेल तर ते लाभार्थीच. आणि आपला लाभार्थी तर स्वतःचे नावही नीट लिहू न शकणारा!

कायद्याने विश्वस्ताला मोकाट सोडलेले नाही, हे खरे. न्यासाच्या मालमत्तेतून त्याने स्वतःचा लाभ साधता कामा नये. ती विकण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याने स्वतःच ती विकत घेता कामा नये. विश्वस्त अनेक असतील तर सर्वांनी मिळून कारभार केला पाहिजे, आणि लाभार्थ्याला हिशेब पाहण्याचा हक्क आहे. एकोणपन्नासावे कलम तर विवेकाधीन न्यासाचा प्राणच म्हटले पाहिजे. विश्वस्ताने आपला विवेक वाजवीपणे आणि प्रामाणिकपणे वापरला नाही, तर मुख्य दिवाणी न्यायालय त्यावर नियंत्रण ठेवू शकते. परंतु न्यायालयाचे दार ठोठावावयासही कोणी हवे. म्हणून मृत्युपत्र करणाराने निदान तीन विश्वस्त नेमावेत: एक घरातला, एक घराबाहेरचा, आणि शक्य तर एक वयाने लहान. त्यांच्यानंतर कोण हे लिहावे. वर्षाचा हिशेब एका त्रयस्थाला दाखविण्याचे बंधन घालावे. कायद्याने विश्वस्ताला मोबदला मिळत नाही; तेव्हा तो द्यावयाचा असल्यास मृत्युपत्रातच ठरवावा. फुकटच्या कामाकडे सज्जन मनुष्यही काही वर्षांनी दुर्लक्ष करू लागतो. आणि ज्यांच्या घरी बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेले मूल आहे, त्यांनी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्हास्तरीय समितीकडे जाऊन कायदेशीर पालकाची नेमणूकही करून घ्यावी. पैसा सांभाळणारा आणि माणूस सांभाळणारा अशा दोन भूमिका आहेत. त्या एकाच व्यक्तीकडे असाव्यात असे नाही.

ज्यांना नातलगांत किंवा स्नेह्यांत विश्वासाचा मनुष्य मिळत नाही, त्यांनी काय करावे? १९१३ च्या कायद्याने ‘ऑफिशियल ट्रस्टी’ म्हणजे शासकीय विश्वस्त हे पद निर्माण केले आहे. मृत्युपत्रात त्याच्या संमतीने त्याची नेमणूक करता येते. तो मरत नाही, परदेशी जात नाही, मेव्हण्याच्या आग्रहाला बळी पडत नाही. पण त्याचे कार्यालय मुंबईस! सिंदखेडराजाच्या विधवेने किंवा संग्रामपूरच्या निवृत्त शिक्षकाने अरबी समुद्राच्या काठी जाऊन विश्वस्त शोधावा अशी अपेक्षा करणे म्हणजे सोय नाकारण्याचाच सभ्य प्रकार होय. त्या कायद्यात उपविश्वस्त नेमण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने अमरावती विभागासाठी असा अधिकारी नेमावा आणि महिन्यातून एक दिवस त्याने बुलढाण्यास बसावे. यासाठी नवा कायदा नको. इच्छा असली म्हणजे पुरे.

परदेशी मुले असलेल्या कुटुंबांनी एका गोष्टीची दखल घ्यावी. इकडे मृत्युकर नाही म्हणून तो जगात कोठेच नाही असे नव्हे. इंग्लंडमध्ये सव्वातीन लाख पौंडांवरील इस्टेटीवर सर्वसाधारणपणे चाळीस टक्के वारसाकर आहे, आणि विवेकाधीन न्यासांवर दर दहा वर्षांनी सहा टक्क्यांपर्यंत निराळा आकार आहे. एप्रिल २०२५ पासून तेथला नियम असा की, मागील वीस वर्षांतील दहा वर्षे जो तेथे राहिला त्याच्या जगभरच्या मालमत्तेवर तो कर पोहोचतो. मग ती मोताळ्याची शेती का असेना. भारत आणि इंग्लंड यांच्यातील १९५६ चा मृत्युकरविषयक करार आपल्याकडील कर गेल्यावरही जिवंत आहे. भारतात अधिवास असणाऱ्यांना त्याचा काही अटींवर आधार मिळू शकतो. लंडनस्थ मुलाने बुलढाण्यातील न्यासात आपलीही मालमत्ता घालण्याआधी हे दोन्ही तपासून घ्यावे.

शेवटचा मुद्दा धोरणाचा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत वारसाकराचा विषय एकाएकी पेटला आणि तितक्याच वेगाने विझला. त्या करावर कोणाचे काय मत असावे हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. संपत्तीचे केंद्रीकरण ही खरी समस्या आहे, आणि १९५३ चा मृत्युकर ती सोडवू शकला नाही हेही तितकेच खरे. राज्यघटनेने शेतजमिनीखेरीज इतर मालमत्तेवरील इस्टेट ड्यूटीचा अधिकार केंद्राकडे आणि शेतजमिनीवरील राज्यांकडे दिला आहे; ती कलमे आजही जागच्या जागी आहेत. म्हणजे हा कर उद्या पुन्हा येणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. तो आलाच तर इंग्लंडचा एक धडा घ्यावा: तेथे अपंगांसाठी केलेल्या पात्र न्यासांना त्या दहा वर्षांच्या आकारातून वगळले आहे. धनिकांचा न्यास आणि दुबळ्यांचा न्यास यांत भेद करता येतो, हे त्यावरून सिद्ध होते. तोच भेद आपल्या आयकरातही अधिक स्पष्ट व्हावा. ‘एकच न्यास’ ही अट पळवाट बुजविण्यासाठी होती हे समजण्यासारखे आहे. परंतु वृद्ध पत्नीसाठी एक आणि अपंग अपत्यासाठी दुसरा असे दोन न्यास करणाऱ्या बापाला तिने करचुकव्यांच्या रांगेत उभे करू नये. अपंग आश्रितासाठीचा न्यास या मोजणीतून वगळावा. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी अर्थविधेयकाच्या वेळी ही दुरुस्ती सुचविली, तर कोणत्याही पक्षाला तिला विरोध करणे जड जाईल.

सरकारने करावयाचे ते सरकार करो. बापाने आपले काम त्याची वाट पाहत अडवून ठेवू नये. जिल्हा वकील संघाने मराठीत मृत्युपत्र-न्यासाचा एक सुबोध नमुना तयार करावा, आणि लेखापालांनी त्यातील कराचा भाग तपासून द्यावा. लोकांनी तो घरी न्यावा, पत्नीशी आणि मोठ्या मुलांशी उघडपणे बोलावे आणि आपल्या हाताने त्यात नावे भरावीत. ‘सांभाळ करावा’ असे लिहिणारा बाप आपल्या दुबळ्या लेकराला थोरल्याच्या दयेवर सोडून जातो. त्या वाक्याच्या जागी मालमत्ता, विश्वस्त आणि हिशेब या तीन गोष्टी आल्या, तर तेच लेकरू हक्काने जगेल.